निळ्या कड्याची कोंबडी

निळं कडं पिसांत अर्धं बुडालं होतं. प्लॅस्टिकचं, करंगळीत मावेल एवढं, कोंबडीच्या डाव्या पायात. मघाशी ते पूर्ण दिसत होतं, म्हणजे ती उभी होती. आता नुसती एक कड दिसते आहे, म्हणजे ती बसली — बसली नाही, खचली — आणि तो जाळीच्या अलीकडे उकिडवा बसून त्या कडेकडे बघतो आहे, कारण कोंबडीच्या तोंडाकडे बघायचं धाडस होत नाही, आणि दुसरीकडे बघितलं तर तेवढ्यात काहीतरी होईल, असं उगाच वाटतं.

बाकीच्या चौघी माती उकरत होत्या. लाल, पिवळी, हिरवी, पांढरी. मुलीने त्यांना नावं दिली नव्हती, पायात रंगीत कडी घातली होती. "नावं नकोत, बाबा," ती म्हणाली होती, "रंग पुरेत." तेव्हा भिंतीपलीकडून शेजारची सिस्टर लगेच म्हणाली होती, "नावं ठेवायला मी आहे की!" आणि आपल्याच बोलण्यावर खदाखदा हसली होती. मुलगीही हसली होती. त्याला हसू आलं नव्हतं. नावं नकोत — हे तिने कोंबड्यांकडे बघत म्हटलं होतं की माझ्याकडे, ते तीन महिन्यांत त्याला ठरवता आलं नव्हतं.

मुलगी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात जाते. सकाळी निघताना चपलेत एक पाय घालून ती दारातच थांबली.

"निळीचं काहीतरी बिनसलंय. कालपासून दाण्याला तोंड लावलं नाही."

"खुडूक बसली असेल," तो म्हणाला.

"एकही अंडं न घालता खुडूक?"

खुडूक नाही, हे त्याला कालच कळलं होतं. खुडूक कोंबडी अंगावर येते, गुरगुरते, जागा सोडत नाही. हिची शेपटी खाली होती, पिसं फुगलेली, डोळे मिटत मिटत उघडायचे. तलंग होती ती, पहिल्या अंड्याची. बाकीच्या चौघी महिन्याभरापासून घालत होत्या आणि हिचंच राहिलं होतं. तुरा लाल झालेला, अंग भरलेलं… आत अंडं तयार होतं आणि बाहेर येत नव्हतं. पण तो म्हणाला, खुडूक. खुडूक म्हटलं की काही करावं लागत नाही.

"उचलून बघा ना तिला," मुलगी म्हणाली. "तुम्हाला कळतं कोंबडीचं."

एवढं बोलून तिने दुसरी चप्पल घातली आणि गेली. फाटकाची कडी लावताना तिने वर बघितलं. त्याच्या तोंडाकडे नाही… हाताकडे. की त्याला तसं वाटलं? त्याने हात पाठीमागे घेतले होते, एवढं मात्र खरं.

तीन महिन्यांत त्याने एकाही कोंबडीला हात लावला नव्हता. खुराडं त्यानेच बांधलं — जमिनीपासून दीड हात उंच, खाली फळ्या, फळ्यांवर माती, वर पत्रा, दाराला दोन कड्या, मुंगूस शिरणार नाही एवढी बारीक जाळी — पण कोंबड्या आल्या आणि तो जाळीच्या बाहेरच राहिला. दाणा मुलगी घालते, पाणी मुलगी बदलते, अंडी मुलगी गोळा करते. तिने कधी 'हात लावू नका' म्हटलं नाही. तिने कधी 'लावा' असंही म्हटलं नव्हतं. दोघांनी मिळून न बोलता एक रेघ ओढली होती आणि दोघं ती पाळत होते, आणि आज सकाळी चप्पल घालता घालता तिने ती पायाने पुसून टाकली.

का आणल्या तिने? डॉक्टर म्हणाले होते, अशक्तपणा आहे, रोज एक अंडं खा. दुकानात अंडी मिळत नाहीत का? "घरची बरी," ती म्हणाली. जी बाई नऊ वर्षांची असल्यापासून अंडं खात नाही ती पाच कोंबड्या आणते, पहाटे उठून अंडं उकडते, सोलते, मीठ लावते, बशीत घालून बापापुढे ठेवते आणि तो संपवेपर्यंत समोर बसते. बोलत नाही. चहा पिते. तो खातो. पिवळं घशात अडकतं, तो पाणी पितो. शेजारीपाजारी म्हणतात, नशीबवान आहात, लेक एवढं करते. करते, खरंच करते. पण ती समोर बसली की त्याला कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं, आणि न्यायाधीश काही विचारतच नाही, नुसतं म्हणतो, खा.

तो सोळाव्या वर्षी कोंबड्यांच्या दुकानात लागला, बासष्टाव्या वर्षी बाहेर पडला. शेचाळीस वर्षं. साध्या दिवशी साठ-सत्तर, सुट्टीच्या दिवशी दोनशे. त्याला शिकवलं दुकानातल्या जुन्या मिशीवाल्याने. मिशीवाला सुरी वापरायचा नाही. डाव्या हाताने पंख मागे धरायचे, उजव्या अंगठ्याने मान डोक्याच्या मागे हुडकायची, आणि एक हिसका. आवाज नाही, फडफड बाहेर नाही. मिशीवाला म्हणायचा, "हाताने विचार करायचा नसतो रे. विचार करणारा हात कोंबडीला दोनदा मारतो." त्याचा हात लवकर शिकला. वर्षभरात असा शिकला की तो गिऱ्हाइकाशी बोलायचा, मालकाच्या विनोदाला हसायचा, कालच्या भांडणाचा विचार करायचा, आणि खाली हाताचं काम चालूच असायचं. तेव्हा त्याचा त्याला अभिमान होता. बायको म्हणायची, "झोपेतसुद्धा तुमचा अंगठा हलतो." तो हसायचा.

कोंबडी त्याला आतून माहीत होती. दोन हाडांमध्ये अंडं कुठे असतं, कवच धरलेलं कसं लागतं, त्याच्यामागे द्राक्षाच्या घडासारखी बारीक बारीक पिवळी कशी लागलेली असतात… सगळं. पण हे सगळं त्याने मेलेल्यांकडून शिकलेलं. जिवंत कोंबडीबद्दल त्याला एकच गोष्ट येत होती.

निळीने मान पुढे ताणली. अंग आवळलं, शेपटी दोनदा खाली गेली, वर आली, आणि चोच उघडी राहिली. आवाज नाही आला. पांढरी तिच्याजवळ गेली, तिच्या पाठीवर एक टोच मारली आणि निघून गेली.

"भाऊ, काय हो, बकासारखे ध्यान लावून बसलात?"

सिस्टर भिंतीवरून वाकली होती. प्रसूतिगृहात तिची छत्तीस वर्षं गेली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गल्ली तिला सिस्टरच म्हणते. तिच्या हातात लसणाची पाकळी आणि अर्धी सोललेली टरफलं होती.

"हिचं अंडं अडलंय," तो म्हणाला. मुलीला जे सांगितलं नाही ते हिला सांगून टाकलं, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"अडलंय? मग बसलात काय! कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून असेल."

"अगं बाई. आणि लेक गेली कामावर? बाईचं काय नि कोंबडीचं काय, पहिलटकरीण घाबरते, घाबरली की आवळून धरते, आवळलं की अडतं. तिला शेक द्या. कोमट पाण्यात बसवा. पोटापर्यंत. खाली थोडं तेल लावा. आणि मुख्य म्हणजे धीर द्या."

"सिस्टर, तुम्हीच या ना. तुमचा हात…"

"माझा हात?" ती मागे सरकली. "छे छे! हजारो पोरं या हातांनी जगात आणली, पण चोच असलेल्या कुठल्याही जिवाच्या जवळ मी जात नाही. लहानपणी कोंबड्याने डोळ्यापाशी टोचलं होतं मला, ही बघा खूण. पाणी तापवून देते हवं तर. भिंतीवरून देईन."

तिने खरंच पाणी तापत ठेवलं. तो खाली बसूनच राहिला. हात गुडघ्यांवर होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता, जसं दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघतात. उजवा अंगठा इतरांपेक्षा जाड. नख रुंद. कातडीला आता सुरकुत्या, डाग. दहा वर्षांत त्यांनी कोंबडी धरलेली नाही. विसरले असतील. सायकल माणूस विसरत नाही म्हणतात… पण हात म्हातारा होतो की नाही? होत असेल. पण मग परवा भाजीवालीकडून पिशवी घेताना अंगठा आपोआप आत का वळला?

त्या दिवशीही मला काही करायचं नव्हतं.

ती कोंबडी लंगडी होती, ठिपक्याठिपक्यांची. दुकानात आलेल्या खोक्यात एका पायाने अधू, गिऱ्हाईक घेईना. मुलगी शाळेतून दुकानावर डबा घेऊन यायची, तिने बघितली, म्हणाली, बाबा, ही मला. आणली घरी. मागच्या दाराशी लाकडी खोक्यात राहायची. पाच महिने. एक दिवसाआड अंडं द्यायची, मुलगी ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून आईकडे न्यायची. तिला नाव होतं. ते नाव त्याने चौतीस वर्षांत उच्चारलेलं नाही, मनातसुद्धा नाही. मन तिथे आलं की बाजूने जातं.

दुपारची वेळ. नळवाला आला होता, मागच्या दाराशी पाइप गळत होता त्यासाठी. दोघं उभे राहून बोलत होते — वॉशर बदलायचा की पूर्ण तोटी — आणि ती पायात आली. पायात येण्याची तिला सवयच होती. नळवाल्याच्या अवजारांवर पाय देईल म्हणून मी तिला उचललं. खोक्यात ठेवायला. एवढंच. उचललं आणि बोलत राहिलो. तोटी नवी घेतली तर किती दिवस टिकेल, असं काहीतरी विचारत होतो. आणि वजन बदललं. जिवंत कोंबडीचं वजन हातात बसतं, मेलेलीचं लोंबतं. ते लोंबायला लागलं. मी खाली बघितलं. हात तिथेच होता, अंगठा मानेमागे. नळवाला म्हणाला, "आज बेत आहे वाटतं." मी म्हणालो, "घेऊन जा तुला. घेऊन जा."

घेऊन गेला बिचारा, आनंदाने.

मुलगी आली तेव्हा खोकं रिकामं होतं. "कुठे गेली?" आणि त्याच्या तोंडातून आलं, "आजारी होती. फार त्रास होत होता तिला." मुलीने त्याच्या हाताकडे बघितलं. रडली नाही. म्हणाली, "मग डॉक्टरकडे का नाही नेलं?" आणि आत गेली. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने मान वर न करता एवढंच म्हटलं, "सकाळी तर अंडं घातलं तिने." ते अंडं फडताळात वाटीत होतं. दोन आठवडे होतं. कुणी खाल्लं नाही, कुणी टाकलं नाही. मग एके दिवशी नव्हतं.

हे सगळं नक्की. एकच नक्की नाही. मुलगी शाळेतून आली असं तो धरून चालतो. पण कधीकधी ती दुपार आठवताना त्याला मधल्या दाराच्या खिळ्यावर दप्तर लटकलेलं दिसतं — खाकी, एक पट्टा तुटलेला — आणि ते नळवाला असतानाच लटकलेलं असतं. म्हणजे ती घरातच होती. म्हणजे तिने दाराआडून… पण कधी खिळा रिकामा दिसतो. ज्या दिवशी तब्येत बरी असते त्या दिवशी खिळा रिकामा असतो.

"भाऊ! पाणी!"

सिस्टरने भिंतीवरून पातेलं पुढे केलं. त्याने ते टबमध्ये ओतलं, गार पाणी घातलं, कोपर बुडवून बघितलं — लहान मुलीला न्हाऊ घालताना बायको बघायची तसं. तेलाची वाटी जवळ ठेवली. आता काही उरलं नव्हतं. आता उचलायचीच.

तो खुराड्याच्या दाराशी गेला. दोन्ही कड्या काढल्या. हात आत घातला, आणि हात जायला लागला — घाई नाही, धडपड नाही, सराईत, घरच्या जिन्यावरून अंधारात उतरावं तसा — पंखांकडे. त्याने हात बाहेर ओढला. निळीने एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं, मग मिटला.

मेली तर? पाण्यात मेली, हातात मेली, आपोआप मेली — अंडं अडलं की मरतात, दोन दिवसांत मरतात, त्याला ठाऊक होतं — तर संध्याकाळी सहाला मुलगी फाटक उघडून आत येईल, आणि विचारेल, आणि तो काय म्हणेल? आजारी होती. फार त्रास होत होता तिला. दुसरं काय म्हणणार? तेच खरं असेल. अक्षर न् अक्षर खरं. आणि ती त्याच्या हाताकडे बघेल. आणि हातच लावला नाही, इथे बसून राहिलो, आणि ती मेली, तर? तर तोही हातच. नुसता लांब ठेवलेला.

दोरीवर मुलीची जुनी ओढणी वाळत होती, पुसायच्या फडक्यासाठी फाडलेली. त्याने त्यातली एक पट्टी घेतली. उजवा अंगठा तळव्यात वळवला, त्यावरून पट्टी गुंडाळली, एक टोक दातात धरून गाठ मारली. पुन्हा एक फेरा, पुन्हा गाठ. हात मुठीसारखा झाला. चार बोटं उरली, अंगठ्याशिवाय काही धरू न शकणारी.

"हाताला काय झालं?" सिस्टर.

"लागलं. खिळा."

"आत्ता तर बरा होता. भाऊ, कोंबडं झाकून…" म्हण अर्ध्यातच सोडून ती कोंबडीकडे बघून चपापली. "बरं, राहू दे. उचला तिला, पाणी निवतंय."

त्याने डावा हात निळीच्या पोटाखाली घातला. गरम होती. ही गरमी तो विसरला होता. पिसांच्या आत, हाताला एकदम लागणारी, तापलेल्या माणसाच्या काखेसारखी. उजव्या मुठीने बाजूने आधार दिला आणि छातीशी धरून, दारात डोकं आपटून घेत, बाहेर काढली. तिने पाय झाडले नाहीत. एवढीसुद्धा ताकद उरलेली नव्हती. टबात उतरवताना पिसं पाण्यावर पसरली, मग भिजली, आणि ती एकदम लहान झाली. भिजलेली कोंबडी किती लहान असते! दुकानात उकळत्या पाण्यातून काढल्यावर… नको.

"पाठीवरून पाणी घाला हळूहळू," सिस्टर भिंतीवरून, एक डोळा मिटून. "आणि बोला तिच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही बोला हो. मी बायकांना भाजीचे भाव सांगायचे."

त्याला काही सुचेना. शेचाळीस वर्षं तो कोंबड्या हातात धरून बोलत आला, पण कोंबडीशी एक शब्द नाही. शेवटी तो म्हणाला, "बस. बस हं. काही नाही." आणि लगेच गप्प झाला, कारण आवाज ओळखीचा वाटला. मुलीला ताप आला की तो असाच म्हणायचा. काही नाही. काही नाही.

त्याने शेपटीखाली तेलाचं बोट फिरवलं. किती वेळ गेला कळलं नाही. पाठ भरून आली. सिस्टरने आणखी एकदा पाणी दिलं, भिंतीवरून देताना त्याच्या डोक्यावर थोडं सांडलं, "बाप्तिस्मा झाला तुमचा" म्हणून हसली. निळीचे डोळे मिटले होते. श्वास चालू होता, बरगड्या हलत होत्या. आणि मग, पाण्याच्या उबेने असेल, तिने मान सैल सोडली. मान वळली, घरंगळली आणि त्याच्या बांधलेल्या मुठीवर, बरोबर मनगटाजवळ, येऊन पडली.

तो हलला नाही. पट्टीच्या आत अंगठा हलला.

त्याला स्पष्ट कळलं. फडक्याखाली, तळव्याच्या खोबणीत, बंद कोठडीतला माणूस पावलं ऐकून उठून बसावा तसा. एकदाच. की रक्त थांबलं होतं म्हणून मुंग्या आल्या? पट्टी घट्ट झाली होती, बोटांची टोकं निळसर पडली होती. मुंग्याच असतील. त्याने तोंडाने श्वास घेतला. देवा, मुंग्याच असू देत.

खिशातला फोन वाजला.

एक वाजला होता. मुलीची सुट्टी. कामावर फोन पेटीत ठेवून घेतात, एकदाच देतात, अर्ध्या तासाला.

"सिस्टर," तो म्हणाला, "फोन… माझे हात…"

"मी नाही हो तिकडे येत!"

फोन वाजतच राहिला. मग भिंतीमागे काहीतरी पुटपुटल्याचा आवाज, फाटकाची कडी, आणि सिस्टर पाय पोटाशी घेऊन चालावं तशी अंगणातून आली, तोंड पलीकडे फिरवून, हात लांब करून तिने त्याच्या खिशातून फोन काढला आणि अंदाजाने त्याच्या कानाला लावला. पहिल्यांदा नाकाला लागला.

"बाबा? कशी आहे?"

मागे यंत्रांची घरघर. काच घासल्याचा बारीक आवाज.

आ… त्याच्या तोंडात शब्द आला. आजारी आहे. साधा शब्द. तो जिभेवर आला आणि तिथेच थांबला. पुढे सरकेना, मागे जाईना.

"बाबा?"

"जिवंत आहे," तो म्हणाला.

पलीकडे घरघर. कुणीतरी दुसरीच बाई हसली. मग मुलगी म्हणाली, "हं." आणि मग, "पाण्यात बसवलंत?"

"हो. अंडं अडलंय. सकाळीच सांगायला हवं होतं. कालच कळलं होतं मला."

हे तो का बोलला? कुणी विचारलं नव्हतं.

"हं," ती पुन्हा म्हणाली. "बाबा, दोन्ही हातांनी धरलंय ना?"

त्याने सिस्टरकडे बघितलं. सिस्टर भिंतीकडे बघत होती.

"दोन्ही हातांनी धरा. एका हाताने धरलं की त्यांना पडायची भीती वाटते. तुम्हाला मी काय सांगणार… धरा दोन्ही हातांनी. मला आत जायला हवं." आणि फोन बंद.

"काय म्हणाली?" सिस्टरने विचारलं.

"दोन्ही हातांनी धरा म्हणाली."

"मग धरा की. तसंही त्या चिंधीने काय होणार, ओली झाली. आणा, मी सोडते." मग तिला जवळचं अंतर लक्षात आलं. "नाही, तुम्हीच सोडा."

त्याने दातांनी गाठ सोडली. ओली गाठ लवकर सुटत नव्हती; तोंडात कोंबडीच्या पिसांचा, तेलाचा, ओल्या कापडाचा वास आला. पट्टी पाण्यात पडली आणि तरंगत राहिली. अंगठा पांढरा पडला होता, त्यावर कापडाचे वळ. त्याने तो हलवून बघितला. दुखला. त्याने उजवा हात पाण्यात घातला, निळीच्या छातीखाली, बोटं उघडी ठेवून, आणि डावा हात पाठीवर. मान पुन्हा मनगटावर आली. अंगठ्याला ती जागा लागली, डोक्याच्या मागची, दोन मणक्यांमधली, पिसांखाली मऊ. लागली, आणि तो ती जागा सोडून लांब गेला नाही. लांब नेला असता तर धरता आलं नसतं.

तिथे ठोके लागत होते. भराभर, मोजता येऊ नयेत असे. त्याचे होते की तिचे, कळत नव्हतं.

ही जगली तर संध्याकाळी मला गप्प बसता येईल. हे वाक्य इतकं सरळ आलं की तो दचकला, निळीनेही डोळा उघडला. म्हणजे मी हिच्यासाठी घाबरलो नव्हतो? सकाळपासून हे पाणी, हे तेल, ही पाठ मोडून घेणं… हे सगळं गप्प बसता यावं म्हणून? चौतीस वर्षं जमलं तसं आणखी थोडी, माझी मुदत संपेपर्यंत? आणि मेली तर… मेली तर 'आजारी होती' म्हणून चालणार नाही. हे खरं सांगायचं तर ते आधी सांगावं लागेल. त्या दिवशी काय झालं ते. नळवाला, तोटी, वजन. त्याशिवाय माझ्या खऱ्यावर कुणी विश्वास का ठेवावा? तिने का ठेवावा?

आणि जगली तरी. जगली तर उद्या सकाळी बशीत अंडं येईल आणि ती समोर बसेल.

तिला ठाऊक असेल, ती दाराआड उभी होती, तिने सगळं बघितलं, या भीतीने तो इतकी वर्षं तिच्याकडे तिरकं बघत आला. आत्ता पहिल्यांदा दुसरं काही मनात आलं: ठाऊक नसेल तर? नऊ वर्षांची मुलगी खरंच शाळेतून आली असेल, खिळा रिकामाच असेल, आणि तिने बापाचं ऐकलं असेल — आजारी होती — आणि मानलं असेल, आणि आजवर तिला एकच वाटत आलं असेल, की डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, आपण वेळेवर बघितलं नाही, आपल्याच लक्षात आलं नाही… अंडं न खाण्याचं कारण तेच असेल तर? शिक्षा ती स्वतःला देत असेल तर?

पाणी निवत चाललं होतं. निळीने अंग आवळलं, त्याच्या दोन्ही हातांमध्ये, आतून बाहेर, मोठ्या ताकदीने, आणि पुन्हा सैल झाली. काही आलं नाही. तिच्या पोटाखाली त्याच्या बोटांना ते लागत होतं, गोल, कडक, जागच्या जागी.

"आणखी पाणी आणू?" सिस्टरने लांबून विचारलं. तिचा आवाज आता कामावरचा होता, हसण्यातला नव्हता.

"आणा," तो म्हणाला. आणि ती वळली तेव्हा, "सिस्टर, किती वाजले?"

"दीडला पाच कमी. का?"

"ती सहाला येते."

"मग येईल की. तुम्ही इथेच असा, एवढं बघा."

ती गेली. तो हात न हलवता बसून राहिला. मांड्या बधिर झाल्या होत्या, भीती होती तिथेच होती. फक्त सकाळपासून तो सहा वाजूच नयेत म्हणत होता, आणि आता त्याला वाटत होतं की साडेचार तास फार होतात. मुलीने आजच्या दिवस लवकर सुट्टी मागावी, रस्त्यात कुणाशी बोलत थांबू नये.